हाती केलेले अंक आणि गावचे ग्रंथालय

ग्रंथालय म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे छापील पुस्तकांची कपाटे उभी राहतात. लेखकाने लिहिले, प्रकाशकाने छापले, विक्रेत्याने विकले आणि ग्रंथपालाने क्रमांक घालून कपाटात ठेवले, असा पुस्तकाचा ठरलेला प्रवास आहे. पण या वाटेने कधीच न जाणारे पुष्कळ लिखाण समाजात होत असते. शाळेतील मुलांनी चित्रे काढून सजविलेला हस्तलिखित अंक, चार मित्रांनी पदरमोड करून झेरॉक्स केलेली कवितांची चोपडी, एखाद्या गिरणी कामगाराच्या मुलीने आपल्या चाळीविषयी लिहून स्वतःच दोऱ्याने शिवलेले बारा पानांचे पुस्तक, ही त्याची उदाहरणे होत. हे लिखाण कोठे जाते? काही दिवस हातोहात फिरते, मग पोटमाळ्यावर पडते आणि शेवटी रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. असे होऊ नये, त्याला गावच्या ग्रंथालयात मानाची जागा मिळावी, आणि तेथे गेल्यावरही त्याचे हातोहात फिरणे थांबू नये, असे आमचे म्हणणे आहे. ते का आणि कसे साधेल याचा येथे विचार करावयाचा आहे.

अशा अंकाला इंग्रजीत 'झीन' म्हणतात. 'मॅगझीन' या शब्दाचे शेपूट तेवढे तोडून हा शब्द झाला आहे. आपण त्याला सोयीसाठी 'हातअंक' म्हणू. हातअंकाची लक्षणे तीन. एक, लिहिणे, चित्रे काढणे, जुळविणे, प्रती काढणे, टाचणे आणि वाटणे ही सर्व कामे करणारा माणूस बहुधा एकच असतो. फार तर दोन-चार स्नेही. दुसरे, प्रती थोड्या असतात. कधी दहा, कधी शंभर. तिसरे आणि मुख्य लक्षण म्हणजे त्यात नफ्याची दृष्टी नसते. अंकाची किंमत बहुधा कागदाच्या खर्चापुरती. पुष्कळ वेळा तर 'तुमचा अंक मला द्या, माझा घ्या' असा सरळ विनिमय चालतो. मासिकाला वर्गणीदार असतात, तर हातअंकाला ओळखीची माणसे असतात.

या प्रकाराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९२६ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यासह छापली जात. त्यामुळे घडले असे की, वाचक संपादकाला लिहिता लिहिता एकमेकांना लिहू लागले. त्यांची मंडळे निघाली. मे १९३० मध्ये शिकागोच्या सायन्स कॉरस्पाँडन्स क्लबने 'द कॉमेट' नावाचा अंक काढला. या जातीचा पहिला अंक म्हणून तो ओळखला जातो. पुढे १९४० साली रस शोव्हने या वाचकाने अशा अंकांना 'फॅनझीन', म्हणजे चाहत्यांचे मासिक, असे नाव दिले. त्याचाच पुढे 'झीन' झाला.

साधने बदलली तशी या अंकांची रूपे बदलली. सुरुवातीला सायक्लोस्टाइलचे यंत्र होते. मेणकागदावर टाइप करावयाचे किंवा टोकदार लेखणीने कोरावयाचे आणि शाईचा रूळ फिरवून प्रती काढावयाच्या, अशी ती पद्धत होती. १९५९ साली 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आले आणि साध्या कागदावर प्रत काढणे कळ दाबण्याइतके सोपे झाले. १९७६ साली लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतील तरुण कारकुनाने 'स्निफिन ग्लू' हा नव्या धर्तीच्या संगीताचा अंक काढला. त्याच्या पहिल्या अंकाच्या प्रती निघाल्या अवघ्या पन्नासच्या आसपास. १९९१ च्या सुमारास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिया गावाच्या परिसरात तरुण मुलींनी आपल्या शरीराविषयी, भीतीविषयी, घरातील आणि रस्त्यावरील त्रासाविषयी असेच अंक लिहून एकमेकींना टपालाने पाठविले. विषय निराळे, माणसे निराळी. पण कारण प्रत्येक वेळी तेच दिसते. ज्यांना काही बोलावयाचे होते त्यांना चालू नियतकालिकांत जागा नव्हती, आणि प्रती काढण्याचे एखादे स्वस्त साधन त्यांच्या हाताशी होते.

हे सर्व परदेशी आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध पुष्कळ आहे. 'झीन' हा शब्द आपल्याकडे नवा असला तरी वस्तू जुनी आहे. कीर्तनकाराचे बाड काय होते? स्वतःच्या हाताने उतरून घेतलेली पदे, आख्याने, मधूनच औषधांच्या कृती आणि घरचा हिशेबही. ते एकाकडून दुसऱ्याने मागून न्यावे, उतरून घ्यावे आणि परत करावे, अशी ती देवघेव होती. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख असताना त्यांनी तेथील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालविले. त्याचे वाचक म्हणजे एका छपराखाली राहणारी मुले! १९४२ च्या लढ्यात सायक्लोस्टाइलवर काढलेली भूमिगत पत्रके रातोरात घरोघर पोहोचत. आणि १९५४ च्या सुमारास मुंबईत रमेश समर्थ, अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे या तरुणांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढले, तेही सायक्लोस्टाइलवरच. साठीच्या दशकात अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा' अशी अनियतकालिके आली. चित्रे यांना १९९४ साली आणि कोलटकर यांना त्यांच्या निधनानंतर २००५ साली साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. नेमाडे यांना २०१४ चे ज्ञानपीठ मिळाले. ज्या अंकांतून ही पिढी उभी राहिली, त्यांचे सलग संच मात्र आज अभ्यासकाला सहजासहजी एका ठिकाणी मिळत नाहीत. त्या वेळी अंक विकत घेणारे थोडे, आणि जपून ठेवणारे त्याहून थोडे.

येथे इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण होणे साहजिक आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर कसर लागलेली दप्तरे त्यांनी गावोगाव हिंडून मिळविली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतील बाडे अशीच कष्टाने गोळा केली, आणि ती आज धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात सुरक्षित आहेत. या थोर पुरुषांविषयी आपल्याला आदर वाटतो. पण त्यांना एवढे कष्ट का करावे लागले? ते कागद लिहिले गेले त्या काळी ते जपण्यासारखे आहेत असे कोणाला वाटले नाही, म्हणून. मग आजचे कागदही आपण वाळवीच्या स्वाधीन करावे, आणि शंभर वर्षांनी दुसरा राजवाडे जन्मास येईल अशी वाट पाहत बसावे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

छापील पुस्तकांच्या जतनाची कायद्याने थोडी तरी सोय आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकत्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि देशातील इतर ठरावीक ग्रंथालयांना द्यावयाची असते. पण हा कायदा मुद्रित ग्रंथांसाठी, प्रकाशकांसाठी आहे. हाताने लिहिलेल्या दहा प्रतींच्या अंकाला प्रकाशक नाही, ग्रंथक्रमांक नाही, पुष्कळदा तारीखदेखील नाही. राष्ट्रीय ग्रंथालयाला त्याचा पत्ता लागणार नाही. तो पत्ता लागू शकतो फक्त त्या गावच्या ग्रंथालयाला, कारण अंक काढणारा आणि ग्रंथपाल एकाच रस्त्याने ये-जा करीत असतात. म्हणून हे काम विद्यापीठावर किंवा सरकारवर सोपवून चालण्यासारखे नाही.

परदेशातील काही ग्रंथालयांनी हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. माइक गंडरलॉय या गृहस्थांनी १९८२ पासून 'फॅक्टशीट फाइव्ह' नावाचा अंक चालविला. त्यात इतरांच्या हातअंकांचे परिचय पत्त्यांसह येत, त्यामुळे देशभरातून त्यांच्याकडे हजारो अंक येऊन पडले. पुढे हा सर्व साठा न्यूयॉर्क राज्याच्या आल्बनी येथील ग्रंथालयाकडे गेला. सॉल्ट लेक सिटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९९७ साली हातअंकांचा संग्रह सुरू केला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड या स्त्रियांच्या महाविद्यालयात जेना फ्रीडमन या ग्रंथपाल बाईंनी २००३ साली स्त्रियांच्या हातअंकांचा संग्रह उभारला. त्यांची पद्धत साधी आणि शहाणपणाची आहे. शक्य तेथे प्रत्येक अंकाच्या दोन प्रती घ्यावयाच्या. एक दप्तरखान्यात थंड, कोरड्या जागी ठेवावयाची आणि दुसरी उघड्या कपाटात वाचकांसाठी ठेवावयाची. पहिली उद्याच्या माणसासाठी, दुसरी आजच्या. जतन आणि वाचन यांचा जो जुना झगडा आहे, तो दोन प्रतींनी मिटतो.

आता आपल्या ग्रंथपालांच्या अडचणींकडे वळू, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली अडचण दाखल नोंदवहीची. तीत लेखक, प्रकाशक, किंमत असे रकाने असतात. हातअंकाच्या बाबतीत ते भरावयाचे कसे? यावर उपाय असा की, हातअंकांसाठी वेगळी वही घालावी. तीत अंकाचे नाव, काढणाराने स्वतःचे जे नाव दिले असेल ते, गाव, अंदाजे वर्ष, पानांची संख्या, प्रती कशा काढल्या, अंक कोणी आणून दिला, आणि दोन ओळींत विषय, एवढे लिहावे. विषयाच्या या दोन ओळी फार महत्त्वाच्या. 'कविता' एवढेच लिहिण्यापेक्षा 'धरणात गेलेल्या गावाविषयी कविता' असे लिहिले, तर उद्या त्या धरणाचा अभ्यास करणाराला तो अंक सापडेल.

दुसरी अडचण दर्जाची. यातले पुष्कळसे लिखाण कच्चे असते, ते ग्रंथालयात कशाला? आम्हांला वाटते, येथे दोन गोष्टींची गल्लत होते. ग्रंथालय म्हणजे बक्षीस देणारी समिती नव्हे. वर उल्लेखिलेले कवी पुढे मोठे झाले, म्हणून त्यांचे अंक जपावयास हवे होते, एवढाच आमचा मुद्दा नाही. ज्याचे लेखक पुढे काहीच झाले नाहीत, त्या अंकांनाही मोल आहे. एखाद्या परिचारिकेने रात्रपाळीविषयी लिहिलेली सोळा पाने साहित्य म्हणून कदाचित उणी ठरतील. पण त्या काळच्या रात्रपाळीविषयी त्याहून खरा कागद दुसरा मिळणार नाही. मात्र कोणाची खोटी बदनामी किंवा कोणाविरुद्ध द्वेष असेल, तर ग्रंथसमितीने विचार करून नकार द्यावा. तो अधिकार पुस्तकांच्या बाबतीत आहे तसाच येथेही आहे.

तिसरी अडचण टिकविण्याची. आपल्याकडील पावसाळा हा कागदाचा वैरी. टाचणीच्या लोखंडी पिना गंजतात आणि कागद खातात. म्हणून जतनाच्या प्रतीच्या पिना हलक्या हाताने काढून त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा. चिकटपट्टी कधीही लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते, डाग ठेवते आणि निघता निघत नाही. वर्तमानपत्री कागद लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून तो शेजारच्या अंकाला लागू देऊ नये. झेरॉक्सची काळी अक्षरे पुष्कळ टिकतात. स्केचपेनचे रंग मात्र उजेडाने उडतात, तेव्हा असे अंक काचेच्या कपाटात उन्हासमोर मांडू नयेत. प्रत्येक अंक आम्लरहित कागदाच्या पाकिटात आणि अशी पाकिटे पुठ्ठ्याच्या पेटीत उभी ठेवली, पेटी जमिनीपासून आणि ओलीच्या भिंतीपासून दूर राहिली, म्हणजे पुष्कळ साधले.

याहून नाजूक एक गोष्ट आहे, ती संमतीची. हातअंक लिहिणारा आपल्या पन्नास वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो. त्यात घरातले दुखणे असते, आजार असतो, कधी खरे नाव असते. तोच मजकूर कोणी यंत्राने उतरवून इंटरनेटवर टाकला, तर जे पन्नासांना सांगितले ते साऱ्या जगाला सांगितल्यासारखे होते. अमेरिकेतील हातअंकांच्या ग्रंथपालांनी २०१४-१५ च्या सुमारास याविषयी आपल्यासाठी एक आचारसंहिता तयार केली. तिचे मुख्य सूत्र हे की, अंक काढणाराच्या इच्छेचा आधी विचार करावा. आपल्या कायद्याची दृष्टीही याहून वेगळी नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क नोंदणी न करताही लेखकाचाच असतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अंकाची एक प्रत ग्रंथालयाला दिली म्हणजे तो छापण्याची किंवा पसरविण्याची परवानगी दिली, असे होत नाही. म्हणून अंक घेतानाच एका चिठ्ठीवर तीन प्रश्न विचारून ठेवावेत: आपले कोणते नाव नोंदवू? अंक घरी न्यावयास देऊ की येथेच वाचू देऊ? त्याच्या प्रती काढू दिल्या तर चालेल का? आणि पुढे कधी कोणी येऊन 'माझा अंक परत द्या' म्हणाला, तर त्याचे म्हणणे आदराने ऐकावे. ग्रंथालय येथे मालक नाही. ठेव सांभाळणारे आहे.

एवढे झाले तरी काम अर्धेच होते. पेटीत नीट ठेवलेला, पण कोणी न वाचलेला हातअंक हा जिवंत राहिला असे म्हणता येत नाही. म्हणून ग्रंथालयाने वाचनकक्षात एका टेबलावर एक टोपली ठेवावी: एक अंक ठेवावा, एक न्यावा. तिची नोंद नको, वर्गणी नको. महिन्यातून एका रविवारी एक टेबल, कात्री, कोरे कागद आणि लांब मानेचा स्टेपलर एवढे साहित्य मांडून कोणालाही अंक करू द्यावा. त्यासाठी फार विद्या लागत नाही. ए-फोर आकाराचा, म्हणजे २९७ बाय २१० मिलिमीटरचा एक कागद आडवा धरावा. त्याला लांबीच्या रेषेत मधोमध एक घडी आणि उभ्या तीन घड्या घातल्या की आठ चौकटी होतात. आडव्या घडीवर मधल्या दोन चौकटींपुरतीच कात्री चालवावी. मग कागद लांबीच्या घडीवर दुमडून दोन्ही टोके आत ढकलली की चीर उघडते आणि आठ पानांची खिशात मावणारी पुस्तिका तयार होते. तिला ना पीन लागते ना डिंक. घड्या घालताना वरच्या ओळीतील चार पाने उलटी येतात, एवढे ध्यानात ठेवून लिहावे. मजकूर सगळा कागदाच्या एकाच बाजूला असल्याने शंभर प्रती काढण्याचा खर्चही शे-दोनशे रुपयांच्या घरात बसतो.

या साध्या कृतीचा परिणाम मात्र साधा नसतो. ज्या बाईने आयुष्यात पोस्टकार्डापलीकडे काही लिहिले नाही, ती आपल्या आईच्या ओव्या आठ पानांत उतरवून आणते. बाजारात हमाली करणारा माणूस ओझे उचलण्याच्या युक्त्या चित्रांनी दाखवितो. शाळकरी मूल गल्लीतील झाडांची यादी करते. त्यांची ही पाने ग्रंथपाल वहीत नोंदवितो, क्रमांक घालतो आणि ज्ञानेश्वरी ज्या खोलीत आहे त्याच खोलीत ठेवतो. त्या दिवसापासून ती व्यक्ती ग्रंथालयाची केवळ वर्गणीदार राहत नाही. तिचे त्या कपाटात काही तरी असते. वाचनालय आपले आहे, असे व्याख्यानांतून शंभर वेळा सांगून जे साधत नाही, ते अशा एका नोंदीने साधते.

आपली जुनी ग्रंथालये कशी उभी राहिली याचे स्मरण ठेवावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली निघाले, ते मराठी पुस्तके जमवून जपली पाहिजेत असे काही मंडळींना तळमळीने वाटले म्हणून. तेव्हा मराठी पुस्तकांची पुष्कळांना किंमत नव्हती. आज ती आहे. आणि जी जागा तेव्हा मराठी पुस्तकाची होती, तीच आज हाती केलेल्या या अंकांची आहे.

तेव्हा वाचकांना आमची विनंती एवढीच की, घरी गेल्यावर एकदा माळा, ट्रंक आणि जुन्या वह्यांचा गठ्ठा पाहावा. तुमच्या शाळेचा हस्तलिखित अंक, मंडळाची सायक्लोस्टाइल पत्रिका, कोणा मित्राने सही करून दिलेली चोपडी सापडली, तर रद्दीत घालण्यापूर्वी ती ग्रंथपालांना दाखवावी. लिहिणारा हयात असेल तर आधी त्याला विचारावे. आणि ग्रंथपालांना विनंती अशी की, नोंदवहीत रकाना नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. रकाना आखावयास एक पट्टी आणि पेन्सिल पुरते.